बाकी नऊ

एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. आज माझी साठी उलटून गेली आहे, चष्मा कुठं ठेवला हे दिवसातून चारदा विचारावं लागतं, पण ही संख्या मला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन. लिहून दाखवायची तर आणखी सोपी: १२३४५६७९. एकपासून नऊपर्यंत ओळीनं आकडे, मधला आठ तेवढा गाळलेला. नाशिकरोडला रेल्वेलाइनच्या अंगाला आमची कॉलनी होती, तिथल्या दोन खोल्यांत आई, अण्णा, मी आणि ही संख्या असे आम्ही चौघं राहायचो. चौघांत सगळ्यात जास्त जागा तिनंच अडवली होती, आणि रुसवेफुगवेही तिचेच जास्त.

अण्णा म्हणजे माझे वडील, माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. आमच्या सगळ्या भावकीत पहिले मॅट्रिक, पहिले बी.एस्सी., पहिले इस्त्रीचा शर्ट रोज घालणारे. ते घरातही रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलत. 'मला पाणी हवे आहे' असं पूर्ण वाक्य. आई सिन्नरची, चौथी शिकलेली. माहेरी ती विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे दिवसाला चाळीस कट्टे. हे अण्णांना कोणासमोर बोललेलं खपत नसे. 'गुरुजींची बायको आणि विड्या!' असं त्यांना वाटायचं, आणि आईला त्यात लपवण्यासारखं काय आहे हेच कळायचं नाही.

या संख्येची एक गंमत आहे, आणि ती गंमत हाच अण्णांचा हातखंडा प्रयोग होता. वर्गात एखाद्या पोराला उभं करायचं, 'तुझा आवडता आकडा सांग' म्हणायचं. तो म्हणाला चार, की चाराची नऊ पट छत्तीस. फळ्यावर १२३४५६७९ लिहून तिला छत्तीसनं गुणायला लावायचं. पोरगं घाम गाळत गुणाकार करायचं आणि उत्तर यायचं ४४४४४४४४४. नऊ चौकार. पोरं टाळ्या वाजवायची, अण्णा खडूचे हात झटकायचे आणि तास संपायचा. नुसतं नऊनं गुणलं तर सगळे एक येतात, नऊ एक. हे नऊ एक लक्षात ठेवा, पुढं त्यांनीच घात केला.

शाळेत सबनीस म्हणून गणिताचेच ज्येष्ठ शिक्षक होते. धोतर नेसणारे नव्हे, चांगले सफारीवाले. स्टाफरूममध्ये त्यांचा पाण्याचा पेला वेगळा असे, स्वतःच्या कपाटात, कुलपात. पोट नाजूक आहे असं ते सांगायचे. अण्णा रुजू होईपर्यंत ते पोट चांगलं दणकट होतं, असं शाळेचा शिपाई आम्हाला नंतर सांगायचा. एकदा स्टाफरूममध्ये अण्णांनी हौसेनं आपला प्रयोग करून दाखवला. मी तिथं नव्हते, पण अण्णांनी तो प्रसंग इतक्यांदा सांगितला की मला तो पाठ आहे. फक्त दर खेपेला त्यात अण्णांची वाक्यं वाढायची आणि सबनीस सरांची कमी व्हायची. मूळ संवाद असा असावा. सबनीस सर म्हणाले, "पगारे, ही गंमत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. या संख्येविषयी तुम्हाला आणखी काय सांगता येईल?" अण्णा गप्प राहिले असते तर माझं बालपण बरं गेलं असतं. पण ते म्हणाले, "ही मूळ संख्या आहे." मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंही पूर्ण भाग जात नाही, बाकी उरतेच, अशी. सबनीस सर हसले म्हणे. "असं? मग सिद्ध करा की. आपण सत्कार करू तुमचा." एवढंच. एवढ्यावर आमच्या घरी दीड वर्ष जेवण उशिरा झालं.

सिद्ध करायचं म्हणजे काय, तर भागून पाहायचं. अण्णांनी आम्हाला समजावलं की या संख्येला कुणी भागणारा असेलच तर साडेतीन हजारांच्या आसपास किंवा त्याखाली तो एकदा तरी सापडलाच पाहिजे, आणि तोही मूळ संख्याच असणार. म्हणून त्यांनी आधी दिवाळीच्या सुट्टीत साडेतीन हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांची यादी केली. एकूण चारशे नव्वद भरल्या. मग एक जाड बांधणीची वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं, उभ्या रेघा मारल्या: भाजक, पहिली बाकी, दुसरी बाकी. आमच्या घरात देव्हारा नव्हता, ते सगळं माझ्या आजोबांनी कधीच सोडलं होतं. पण त्या वहीला हात लावण्याआधी हात धुवावे लागत, एवढं मात्र आलं.

तीस-एकतीसपर्यंतचे भाजक अण्णांनी स्वतः एका बैठकीत उरकले. त्यानंतर त्यांनी जी वाटणी केली ती खास त्यांचीच. एवढ्या मोठ्या संख्येला पाडणारा शत्रू मोठाच असणार, असं त्यांचं मत. म्हणून ते यादीच्या वरच्या टोकाला जाऊन बसले, तीन हजार पाचशे अकरापासून खाली यायला. खालची चिल्लर पिल्लर, सदतीसपासून वर, आई आणि मी. आईनं आधी करायचं, मी तेच पुन्हा करायचं, दोघींची बाकी जुळली की वहीत चढवायची. अण्णांचं तपासायला कोणी नव्हतं, कारण अण्णांचं चुकत नव्हतं.

संध्याकाळी नोटांच्या छापखान्याचा भोंगा झाला की आमच्याकडे भागाकार सुरू व्हायचे. स्टो फुरफुरतोय, बाजूला टोपलीत बाजरीच्या भाकरी, तव्यात ठेचा, मागं मालगाडीचे डबे एकमेकांवर धडका घेताहेत, आणि आई पाटीवर, मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, अण्णा फुलस्केपवर. हा चढता मान कोणी ठरवला नव्हता, आपोआप ठरला होता. ज्याची बाकी वहीत चढली नाही त्याचं ताट मांडायचं नाही, असा नियम. हा नियम भाकरी थापणारीलाही लागू होता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. आज वाटतं, आणि रागही येतो, पण आज रागावून उपयोग काय.

आणि आता पहिल्या संध्याकाळचं सांगते. आईच्या वाट्याला आलेला पहिलाच भाजक सदतीस. शाळेतला भागाकार तिला येत नव्हता, म्हणजे ती भागाकाराचं घर मांडून, वरून आकडा उतरवून करायची पद्धत. ती कट्टे बांधायची. सदतीसाचा एक कट्टा, लाख कट्टे म्हणजे सदतीस लाख, असे तीन लाख कट्टे गेले, एक कोटी अकरा लाख संपले. उरले बारा लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. मग तीस हजार कट्टे. मग तीन हजार. मग सहाशे, मग साठ. पाटीवर शेवटी दोनशे एकोणसाठ राहिले, त्यात सात कट्टे बरोब्बर बसले. आईनं पाटी पुसलीही नाही, तशीच उचलून अण्णांपुढं धरली. "अहो, काहीच उरत नाय. भाग गेला."

अण्णांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं असेल. पुन्हा कर."

आईनं पुन्हा केलं. मी बघत होते. तिनं सावकाश, ओठ हलवत केलं. पुन्हा काहीच उरलं नाही. तेव्हा अण्णांनी जे उत्तर दिलं ते मी आयुष्यभर वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले. ते म्हणाले, "मूळ संख्येला भाग जाईल कसा? भाग गेला म्हणजे तुझा भागाकार चुकला. आणि ही विड्यांची पद्धत इथे चालणार नाही." मग पाटी बाजूला सारून माझ्याकडे वळले. "नंदा, तू कर. नीट, शाळेत शिकवलं तसं."

मी आठवीत होते आणि भागाकारात वर्गात पहिली. केला. पहिल्या घरात तीन, मग तीन, तीन, सहा, सहा, सात, आणि खाली शून्य. स्वच्छ, गोल शून्य. अण्णा माझ्या मागं उभे होते, हातात फाउंटन पेन, टोपण काढलेलं. म्हणाले, "किती उरले?" आई परातीत पीठ मळत होती, तिनं हात थांबवला. मी म्हणाले, "नऊ."

नऊच का, ते विचारू नका. संख्येच्या शेवटी नऊ होता, तोच तोंडात आला. मी शून्यावर गिरवून त्याचा नऊ केला, अण्णांनी मान डोलावली आणि वहीत माझ्याकडून माझ्या रकान्यात नऊ लिहून घेतला. आईच्या रकान्यातला नऊ त्यांनी स्वतःच लिहिला. आई पुन्हा पीठ मळायला लागली. चारशे नव्वदमधला तिचा पहिलाच, आणि प्रकरण त्याच संध्याकाळी भाकरी गार व्हायच्या आत संपलं होतं. पण आम्ही पुढचं दीड वर्ष भागत बसलो.

परवा नातवाला हे सांगितलं. त्यानं मोबाइलवर बोटं फिरवली आणि मी वाक्य पूर्ण करायच्या आत म्हणाला, "आजी, सदतीस गुणिले तीन लाख तेहेतीस हजार सहाशे सदुसष्ट. यासाठी तुम्ही दीड वर्ष घालवलं?" मी त्याला म्हटलं, बाळा, उत्तर आम्हालाही पहिल्याच दिवशी मिळालं होतं. तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

त्या दीड वर्षाचं काय सांगू. पाहुणा आला तरी सुटका नव्हती. माझी मोठी बहीण लग्न होऊन मालेगावला गेली होती. ती वेळेवर सुटली, असं मला वाटायचं. पुढच्या दिवाळीला ती आणि आमचे भाऊजी आले. भाऊजी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालते करणारे, दिलदार माणूस. करंजी तोंडात घालायच्या आत अण्णांनी त्यांच्यापुढं कागद सरकवला: भाजक एक हजार नऊ. भाऊजींनी तासभर झटापट केली आणि बाकी आणली चौदाशे, म्हणजे भाजकापेक्षा मोठी. अण्णा म्हणाले, "छान. जवळ आला आहात." आणि बाजूला बसून हळूच स्वतः दुरुस्त केलं. जावयाचा मान म्हणून. तेव्हा आई स्वयंपाकघरातून भाऊजींकडे बघत होती, आणि तिला हसू येत होतं की काय येत होतं, मला समजलं नाही.

आईनं मात्र नंतर कधी वाद घातला नाही. एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, येतील तसे भाजक घेतले, कट्टे बांधले, बाकी सांगितली. तिची बाकी आणि माझी बाकी नेहमी जुळायची. पाचशेच्या पुढं तर मी करणंच सोडलं. तिची बाकी बघून थोडी खाडाखोड करायची आणि तीच सांगायची. म्हणजे अण्णांच्या त्या सगळ्या सिद्धतेत खालचा निम्मा भाग एकट्या आईच्या डोक्यावर उभा होता. आणि तिला तर पहिल्यापासून ठाऊक होतं की भाग गेलेला आहे. कधीच पाडून झालेल्या भिंतीला ती रोज संध्याकाळी मुकाट्यानं पाणी मारत होती. मी एकदा विचारणार होते, 'आई, तू कशाला करतेस?' पण विचारलं असतं तर नवाचा विषय निघाला असता, म्हणून विचारलं नाही.

शेवटचा भाजक संपला आणि अण्णांनी जाहीर केलं: मूळ संख्या. कॉलनीत धमाल उडाली. मूळ संख्या म्हणजे काय हे कोणाला विचारायचं धाडस नव्हतं, पण आपल्या पगारे गुरुजींनी काहीतरी शोधलं आहे आणि शाळेतल्या बड्या सरांना हरवलं आहे, एवढं सगळ्यांना कळलं. कॉलनीचे सेक्रेटरी गांगुर्डे काका, अंगानं भरलेले आणि आवाजानं त्याहून, त्यांनी विहाराच्या हॉलमध्ये सत्काराचा घाट घातला. कापडी फलक रंगवायला दिला. पेंटरनं मोठ्या अक्षरांत १२३४५६७८९ रंगवून आणलं. 'मध्ये आठ राहिला होता, मी घातला,' म्हणाला, 'त्याचे जास्तीचे घेत नाही.' तो आठ पांढऱ्या रंगानं पुसावा लागला, त्यामुळं सात आणि नवाच्या मधोमध एक डाग पडला. प्रमुख पाहुणे म्हणून अण्णांनी कुणाला बोलवावं? सबनीस सरांना. त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं ना.

आदल्या संध्याकाळी आई शालीची घडी नीट करत होती. तिनं मला विचारलं, "नंदे, तुला बी काहीच उरलं नव्हतं ना?"

मी शालीचे गोंडे सरळ करत राहिले. ती म्हणाली, "अण्णांना सांग. अजून वेळ हाय. माझं तर ते ऐकायचे नाय." मी म्हटलं सांगते. आणि नाही सांगितलं. अण्णा आरशासमोर भाषण म्हणत होते, त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझी जीभ उचलली नाही. त्या माणसाला त्या स्टाफरूममध्ये नऊ वर्षांत कोणी नीट नमस्कार केला नव्हता. उद्या करणार होते. मी कोण तो मोडणारी? आता असं लिहिताना ते फार उदात्त वाटतं. खरं असं की माझं नाव बाहेर येईल याची मला धास्ती होती.

हॉल भरला होता. वंदना झाली, गांगुर्डे काकांचं प्रास्ताविक झालं, त्यात त्यांनी संख्येचा उल्लेख तीनदा केला आणि तिन्ही वेळा वेगवेगळी सांगितली. अण्णा बोलले. चारशे नव्वद भाजक, दीड वर्ष, वही हातात उंच धरली. टाळ्या. मग सबनीस सर उठले. अण्णांचं कौतुक केलं, चिकाटी वगैरे. मग म्हणाले, "एक छोटीशी शंका," आणि फळ्याकडे गेले. म्हणाले, पगारे सरांच्या संख्येला नऊनं गुणलं की नऊ एक येतात, हे आपण जाणताच. फळ्यावर नऊ एक लिहिले आणि तीन-तीनचे गट पाडले: एकशे अकरा, एकशे अकरा, एकशे अकरा. "आता एकशे अकराला सदतीसनं भाग जातो, तीन वेळा. म्हणजे या अख्ख्या रांगेला जातो. नऊमध्ये तर सदतीस नाहीत. मग ते आले कुठून? मूळच्या संख्येतूनच." खडू ठेवला, बोटं रुमालाला पुसली. दोन ओळी. त्यांना हे त्या दिवशी सुचलं नव्हतं. स्टाफरूममध्ये 'सिद्ध करा' म्हणाले तेव्हाच माहीत होतं, दीड वर्ष त्यांनी ते सफारीच्या खिशात सांभाळलं होतं.

गांगुर्डे काकांनी विचारलं, "म्हंजे झालं काय, सर?" सबनीस सर म्हणाले, "काही नाही. ही मूळ संख्या नाही, इतकंच."

अण्णांनी वही उघडली. पहिलंच पान, बारावी रांग. माईक तोंडाशीच होता, त्यामुळं ते स्वतःशी पुटपुटले ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं: "सदतीस. सदतीस कोणाकडे होता?" मी पुढच्या रांगेत नव्या फ्रॉकमध्ये बसले होते. मी उठणार होते, असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले. नव्हते उठणार.

बायकांच्या बाजूनं आई उभी राहिली. पदर सावरला, म्हणाली, "माझ्याकडं होता. माझं चुकलं असंल."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग वहीकडे, जिथं तिच्या रकान्यातला नऊ त्यांच्याच अक्षरात होता. मग माझ्याकडे. आणि मग ते माईकमध्ये म्हणाले, "काय करणार. घरच्या माणसांवर विसंबलो." हॉल हसला. आधी सबनीस सर हसले, मग पुरुष, मग बायकाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शाल आणलीच होती, ती अण्णांना घातली, चिवडा आणि चहा झाला. निघताना बायका आईला म्हणत होत्या, "काय बाई, नवऱ्याचं दीड वर्ष वाया घालवलंस." आई हसत होती.

घरी मी आईच्या मागं मागं फिरत होते. शेवटी विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"मंग काय तुझं नाव सांगू माईकवर?" ती कांदा चिरत होती. "का त्यांना सांगू, तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं म्हणून? दोनशे माणसांत?" मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "त्यांना त्या सरांची भीती. ते मला समजतं. तुला कुणाची व्हती गं?"

मला कुणाचीच नव्हती. अण्णांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मला फक्त त्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं, फाउंटन पेनच्या बाजूला, पाटीच्या नाही. हे मी तिला सांगू शकले नाही, इथं लिहिते आहे.

सोमवारी अण्णा शाळेत गेले ते तोंड लपवतच. आले ते शीळ घालत. स्टाफरूममध्ये सबनीस सरांनी त्यांना शेजारी बसवलं होतं. 'वहिनींनी केला ना घोटाळा' म्हणून सगळे हसले, अण्णाही हसले, आणखी दोघांनी आपापल्या बायकांचे किस्से सांगितले, मधल्या सुट्टीत चहा आला तो सगळ्यांना एकाच किटलीतून. नऊ वर्षांत हुशारीनं जे जमलं नव्हतं ते बायकोच्या चुकीनं जमलं. अण्णांनी तो किस्सा मग फुलवलाच. आठवड्याभरात त्यात आईचा भागाकार तीन ठिकाणी चुकलेला होता, पंधरवड्यात तिला पाढेच येत नव्हते. आणि पंधरा-वीस दिवसांनी, रविवारी, सबनीस सर आमच्याकडे जेवायला आले.

आमच्याकडे, जेवायला. अण्णांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. पाण्याचा नवा पेला आणला. आईला सांगितलं, तिखट कमी, लसूण नको, सुकटीचा डबा शेजारी नेऊन ठेव. आईनं आमटी, बटाट्याची भाजी, पोळ्या, शिरा, सगळं केलं. सबनीस सर, अण्णा आणि मी पाटांवर बसलो, आई वाढत होती. सर मोकळेपणानं जेवत होते, हे कबूल करते. शिरा दुसऱ्यांदा घेतला आणि थट्टेच्या सुरात म्हणाले, "वहिनी, एक विचारू? सदतीसचा पाढा येतो का हो तुम्हाला?"

अण्णा हसले. आई आमटीचं पातेलं घेऊन वाकलेली होती. ती तशीच वाकून, सरांच्या वाटीत आमटी घालत म्हणाली, "सदतीस एके सदतीस. सदतीस दुणे चौऱ्याहत्तर. सदतीस त्रिक एकशे अकरा." आणि अण्णांच्या वाटीकडे वळली.

एकशे अकरा ऐकल्यावर सरांचा घास हातातच राहिला. अण्णांचं हसू मात्र अजून तोंडावरच होतं, त्याला उतरायचं कसं ते माहीत नव्हतं. ते हसू मला बघवेना. मी म्हणाले, "वहीतला नऊ मी लिहिला. मला शून्य आलं होतं. आईलाही."

मला वाटलं अण्णा आता 'जेव गुपचूप' म्हणतील. त्यांनी वाटीतली आमटी बोटानं हलवली. मग त्या बातम्यांच्या आवाजात नाही, आजोबांशी बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "माहीत हाय मला. हॉलमधीच कळलं. तिच्या रकान्यातला नऊ मीच लिहिला हाय, अक्षर माझं हाय."

"म्हणजे," सबनीस सर म्हणाले, "वहिनींचं बरोबर होतं?"

"दोन्ही वेळेला," अण्णा म्हणाले. "मी पाटी पाहिली नाही, सर. तिनं समोर धरली होती."

आईनं पातेलं खाली ठेवलं. मला वाटलं ती रडेल, किंवा आत जाईल. ती आत गेलीच, आणि एक पाट घेऊन आली. तो सरांच्या समोर मांडला, ताट घेतलं, दोन पोळ्या घेतल्या, शिऱ्याचा मोठा गोळा घेतला आणि जेवायला बसली. पाहुण्यांच्या पंगतीला आई बसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. पहिला घास खाऊन ती अण्णांना म्हणाली, "सरांना भात लागंल."

अण्णा उठले. भाताचं पातेलं कुठं आहे, आणि वाढायचं कशानं, हे त्यांना विचारावं लागलं.